हॅमरस्मिथच्या पुलापर्यंत

दवाखान्यात मी औषधं घ्यायला गेलो होतो. टीव्हीवर ऑक्सफर्ड-केंब्रिजची बोटींची शर्यत चालू होती. शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं.

“डेस्मंड, ऊठ. नर्सनं नाव पुकारलं.”

“हॅमरस्मिथचा पूल येऊ दे. तिथं जो पुढे, तोच जिंकतो. ऑक्सफर्ड पुढे असेल तर माझा रिपोर्टही चांगला येणार.”

“कॉलेजचं तोंड पाहिलं नाहीस आणि म्हणे ऑक्सफर्ड!”

“तू तरी कुठं पाहिलंस? चाळीस वर्षं केंब्रिज जिंकावं म्हणून ओरडतेस.”

“पूल आला बघ! मारा रे वल्ही, ऑक्सफर्ड!”

“एनिड, अगं, हे काय?”

“गप्प बस. मारा रे!”

“केंब्रिज पुढे आहे, एनिड.”

“असू दे. चल, मी येते आत.”

माझी औषधं केव्हाच मिळाली होती. तरी कोण जिंकलं ते त्यांना सांगायला मी बसून राहिलो.