लेकीचे रस्ते

घड्याळजींच्या काउंटरवर माझ्या पुढच्या काकांनी धावताना घालायचं घड्याळ ठेवलं.

"लेकीचं आहे. ती नदीच्या खोऱ्यातून कुठून कुठून धावायची, ते सगळे रस्ते यात होते. आता दिसेनासे झालेत."

"बघू... काका, यात रोजची नोंद आहे की. आज सकाळचीसुद्धा."

"तो मी. ती गेल्यापासून रोज हे घालून तिच्या एकेका रस्त्याने धावतो. धावतो कसला, गुडघे सांभाळत चालतो."

"किती दिवस झाले?"

"आज एकोणसाठ."

"काका, यात साठच नोंदी मावतात. नवी आली की सगळ्यात जुनी आपोआप पुसली जाते."

"म्हणजे मीच पुसले?"

"तुम्हाला काय माहीत असणार! एक राहिलीय बघा. पुलापासून निघून गिरणीपाशी अकरा मिनिटं थांबलीय."

"तिथून फोन करायची. बाबा, पाणी तापत ठेवा, आलेच म्हणून."

"उद्यापासून हे घालू नका. रस्ता मी कागदावर काढून देतो."

"रस्ते पाठ आहेत हो मला. पण हे घरी ठेवलं, तर ती एकटीच राहील ना."