कोणत्या बेटात?

खरं सांगू का, ती कादंबरी घरात आलीच नसती तर बरं झालं असतं. माझा भाऊ नामदेव जऊळक्याच्या टेसनावर हमाल होता. गाडीत कोणीतरी विसरलेली कादंबरी तो घेऊन आला, अन् आम्ही बाया शेंगा फोडत बसलो तिथंच मोठ्यानं वाचायला लागला. त्यात एक माणूस यंत्रात बसून गेलेल्या दिवसांत परत जातो अन् एका बेटावर उतरतो. तिथले लोक मेलेल्या माणसाचंही ताट रोज वाढतात.

माझी जाऊ सरजा हातातली शेंग तशीच धरून ऐकत होती. मागच्या साली तिची पोर नाल्याकाठच्या वेळूच्या बेटात साप चावून गेली. बकरी आणायला सरजानंच तिला धाडलं होतं.

"भाऊ, यंत्र कोणत्या बेटात उतरते? आपल्या नाल्याकाठच्या?" तिनं विचारलं.

बाया फिदीफिदी हसल्या. मी ओरडले, "दात काय काढता वं?"

नामदेव म्हणाला, "बाई, हे वेळूचं बेट नाही. समुद्रातली जमीन हाय, चारही बाजूनं पाणी."

"पण माणूस मागच्या दिवसात जाते, हे तरी खरं हाय ना?"

"नाही बाई. लिहिणाऱ्यानं मनानं रचलं."

सरजानं शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"मंग असं कायले लिहून राह्यला तो?" ती म्हणाली. "मी तर ऐकता ऐकता बेटापाशी पोचली होती. पोरीले म्हणून राह्यली होती, बकरी राहू दे, घरी चाल."