सुकन्याचा हिरो

उदगीरहून लातूरला निघालेल्या एसटीत शिल्पाच्या शेजारी गुरुबसप्पा नावाचे किराणा दुकानदार बसले होते. त्यांनी मोबाइलमधला एक फोटो तिच्यापुढं धरला.

“पोरी, ह्यो कोण हाय गं?”

“लई मोठा हिरो हाय, काका. पुढच्या म्हैन्यात लगीन हाय त्याचं.”

“त्यानं असं केलंय तरी काय? माझ्या लेकीनं, सुकन्यानं, हॉस्टेलच्या भितीवर निस्ते त्याचेच फोटो लावलेत.”

“नाचतो, हसतो. पोरींला आवडतो.”

“मला न्हाई उमगत, बाई. पण तिला लातूरला क्लासला ठेवल्यापासून आमचं बोलणंच ऱ्हायलं न्हाई. मी टेस्टचे मार्क विचारतो अन् ती फोन ठेवती. म्हणलं, ह्याच्यावरनं तरी बोलंल.”

“मग आत्ताच लावा की फोन.”

त्यांनी घाबरत घाबरत लावला.

“सुकन्या, तुझ्या त्या हिरोचं लगीन ठरलं म्हणं. नवरी कशी हाय गं?”

पलीकडचं बोलणं शिल्पाला ऐकू येत नव्हतं. नळेगाव मागं पडलं, तरी काकांच्या कानावरचा फोन निघाला नव्हता.

“हां... मग?... न्हाई गं, मला त्यातलं काय बी कळंना. पण तू सांग की, मी ऐकायलोय.”