करपलेला कांदा

मतदानाची रांग शाळेच्या फाटकाबाहेर आली होती. आत पटांगणात शाळेच्या मदतीसाठी सॉसेज आणि कांदा भाजून विकणं चाललं होतं. गेल्या निवडणुकीत पडलेले मर्विन आणि त्यांची बायको ग्लेनिस रांगेत इल्माच्या मागेच उभे होते; तिचे कान तिकडेच.

"बघ ती ट्रूडी, नगरसेविका असून तव्यापाशी उभी! पॉप्युलिस्ट कुठली!"

"म्हणजे काय हो?"

"लोकांना आवडेल तेच करणारी."

"तुम्हीही पोहण्याचा तलाव फुकट करणार होतात की."

"ती लोकसेवा होती."

"आणि ट्रूडीने केला, तर?"

"तो पॉप्युलिझम! अख्खं गाव भाळलंय तिच्यावर."

"तुमच्यावर नाही भाळलं, हे खरं दुखणं. चांगली आहे हो पोरगी."

तेवढ्यात तव्याकडून ट्रूडीची हाक आली, "मर्विन! तुझा कांदा करपवून ठेवलाय, तुला आवडतो तसा!"

"आलो, आलो!"

"थांबा. करपलेला कांदा? घरी कधी बोलला नाहीत."

"तू कधी विचारलंस?"

"तिने कधी विचारलं?"

"अगं, ती सगळ्यांनाच विचारते."

"मला नाही विचारलं."

रांग जराशी पुढे सरकली.

"खरंय तुमचं. पॉप्युलिस्टच आहे मेली."