निकालापर्यंतचं मौन

मौनव्रताचं सांगते, पण हसू नका. टाउनशिपच्या मैदानावर शाळांच्या बँडची स्पर्धा होती आणि आमची माधवी मोठा ड्रम घेऊन पहिल्याच रांगेत. निकाल लागेपर्यंत बोलणार नाही, असं मी गणपतीला कबूल केलेलं. जीव नुसता खालीवर!

बँड निघणार, तोच दिसलं, तिच्या ड्रमच्या पट्ट्याचं बक्कल सुटलंय. मी हातवारे केले, तर तीही हसून हात हलवते! शेवटी ओरडलेच, "माधवी, पट्टा!" तिनं पट्टा लावला, बँड निघाला आणि निकालात दुसरा आला.

घरी मी रडवेली. "मौन मोडलं हो, म्हणूनच पहिला नंबर हुकला."

हे म्हणाले, "अगं, सकाळपासून तू गप्प! गणपतीलाच करमलं नसेल, म्हणून त्यानंच ते बक्कल सोडलं."