ही कमान परत न्या

नाही, पत्ता बरोबर आहे, माणूसही बरोबर आहे, चुकली आहे ती फक्त कमान — अहो, खाली टेकवू नका, एकदा टेकवलीत की तुम्ही ती उभी करणार, मला माहीत आहे, धंद्याचा हात आहे तो, रिकामी जागा दिसली की फुगे लावायचे. आणि जरा हळू. दुसऱ्या मजल्यावरची ती निळ्या पडद्याची खिडकी दिसते ना? तिथे माझी नात झोपली आहे. आज तिसरा वाढदिवस तिचा. ती उठायच्या आत मला ही चादर झाडापासून त्या कपड्यांच्या तारेपर्यंत बांधायची आहे, सावली पाहिजे, नाहीतर माणसं चिडचिडतात उन्हात — आलाच आहात तर हे टोक धरा. धरा हो. फुगे सोडून दुसरं काही धरलं तर धंदा बुडत नाही.

हॉलवर गेला होतात ना? मग सांगितलंच असेल त्यांनी, कार्यक्रम रद्द. तरी इथं कशाला आलात? — हां, ते खरं आहे, तुम्हाला कोणी कळवलंच नाही. चूक झाली. चिरंजीवांची चूक. हॉल त्यांनीच रद्द केला ना, फोन करून. त्यांना वाटलं, फुगे हॉलच्या भाड्यातच धरलेले असतात. आता मी जन्मभर कारकुनी केली, आमच्या कचेरीत इमारत सोडली की पंखे, दिवे, पाण्याचं पिंप, सगळं तिथल्या तिथे राहायचं, पत्ता शोधत कोणी घरी येत नसे. म्हणून मला वाटलं — म्हणजे त्यांना वाटलं. गाठ नीट मारा, ही फुग्याची गाठ झाली. चादरीला जरा आदर दाखवा.

थांबा. तुमचा चेहरा पाहिलाय मी कुठेतरी. गेल्या वर्षी तुम्हीच होतात ना? चकचकीत कोट, हातात माइक, ‘कुठे आहे आपली राजकुमारी’? तेच म्हटलं. कोट नाही म्हणून ओळखलं नाही. अहो, आवाज चांगला आहे तुमचा, तक्रार आवाजाची नाही. तुम्ही तो माइक आमच्या ठमीच्या तोंडासमोर धरलात आणि विचारलंत, ‘बोल बाळा, किती वर्षांची झालीस?’ — तुम्हाला काय कल्पना, तुम्ही सगळ्यांनाच विचारता. पण ठमी बोलत नाही. अजूनही नाही. तेव्हा तर सगळा हॉल गप्प झाला, पुढच्या रांगेतल्या बायका माना पुढे काढून बसल्या, जणू निकाल लागणार आहे, आणि तुम्ही परत विचारलंत, आणि मागे एक फुगा फुटला. पुढचं तुम्हाला दिसलं नसेल, तुम्ही गाण्याकडे वळलात. ती केकच्या टेबलाखाली गेली. कानांवर हात ठेवून बसली. केक तिच्या चुलत भावंडांनी कापला. फोटो आहेत घरी, फार सुंदर आलेत, सगळे आहेत त्यात, एक ती सोडून. आणि मी सोडून, कारण मीही खाली गेलो होतो. गुडघे मोडले, पण जागा चांगली होती. टेबलक्लॉथच्या कडेखालून सगळी प्रतिष्ठित मंडळी फक्त बुटांवरून ओळखायची — चिरंजीवांच्या साहेबांचे बूट नवे आणि घट्ट, बिचारे एक टाच बाहेर काढून उभे होते. व्याहीबुवांच्या दोन पायांत दोन रंगांचे मोजे. मी ठमीला दाखवले, तर तिने कानावरचा एक हात काढून माझा अंगठा धरला. एवढीच पार्टी झाली आमची, पण झाली.

त्यानंतर बरेच दिवस, माणसं जमली की ठमी टेबल शोधायची.

नाही, कान उत्तम आहेत. दाखवलंय. डॉक्टरांनी तपासलं, आता एक बाई घरी येतात खेळ घेऊन, त्या म्हणतात, शिकते आहे, वेळ द्या, आणि सारखं ‘बोल बोल’ करू नका. हे शेवटचं कोणाच्या डोक्यात शिरत नाही. येणारा प्रत्येकजण तिच्यापुढे उकिडवा बसतो आणि परीक्षा घेतो — काऊ म्हण, माऊ म्हण, माझं नाव काय सांग. मी कचेरीत इतकी वर्षं बसलो, मला एकाही माणसाने कधी माऊ म्हणायला लावलं नाही. आणि परीक्षा झाली की सांत्वन. प्रत्येकाच्या नात्यात एक मुलगा असतो, जो पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही आणि आता मोठा वकील आहे. इतके वकील झाले तर न्यायाधीशांनी बसायचं कुठे?

मी? मी नाही हो विचारत. मी कशाला — म्हणजे कधीतरी. दुपारी, घरात कोणी नसलं की. ‘आजोबा’ म्हण म्हणतो. नुसतं ‘आ’ म्हटलं तरी चालेल म्हणतो, बाकीचं मी धरून घेईन. तर ती काय करते, आपला पंजा उचलते आणि माझ्या तोंडावर ठेवते. असा. घट्ट. गप्प बस म्हणून. आणि मी बसतो. पण ते वेगळं, ते आमचं आमच्यात आहे, त्याला माइक लागत नाही — हा खडा द्या तिकडचा, चादरीचं टोक उडतंय.

तर आजचा बेत असा. ह्या टबात पाणी. पाण्यात डाव, चहाची गाळणी, एक फुटकं नरसाळं. तिकडे खालच्या मजल्यावरच्यांच्या नव्या फ्रिजचं खोकं, त्याला दार कापलंय, आणि मागून एक दुसरं दार, पळून जायला. तेही लागतं माणसाला. पाहुणे म्हणजे समोरच्या बिऱ्हाडातल्या दोन मुली आणि हा शेजारचा गोट्या, जो जोडा घालत नाही. ह्यांच्याबरोबर ठमी रोज खेळते, भांडते, समेट करते, एका वाक्याचीसुद्धा गरज पडत नाही. त्यांच्या आया येतील, त्यांना मी सांगून ठेवलंय, प्रश्न विचारायचे नाहीत. गाणं नाही. टाळ्या नाहीत. केक त्या पाटावर, तिच्या हाताला लागेल असा, ज्याला पाहिजे त्याने हात घालावा. मेणबत्ती ह्या वाऱ्यात राहत नाही, तो प्रश्न वाऱ्यानेच सोडवला. कलिंगड कापून ठेवलंय. तासाभरात आटोपायचं. तीन वर्षांच्या माणसाला तेवढं पुरतं, आणि खरं सांगू का, सत्तरीच्या माणसालाही.

असे बघता काय माझ्याकडे? — बरं. बरं, मीच केला हॉल रद्द. चिरंजीवांना अजून माहीत नाही. फोनवर आम्हा बापलेकांचा आवाज एकच लागतो, लोक नेहमी फसतात. मी फक्त फसलेल्यांचा गैरसमज दूर केला नाही. हॉलच्या मॅनेजरला म्हटलं, कार्यक्रम पुढील सूचनेपर्यंत स्थगित. मग एकेक पाहुण्याला तेच. साहेबांनासुद्धा. आणि सांगतो तुम्हाला, इतक्या माणसांत एकानेही ‘का’ म्हणून विचारलं नाही. सगळे म्हणाले, अरेरे, आणि प्रत्येकाच्या आवाजात सुट्टी मिळाल्याचा आनंद. साहेब तर दोनदा ‘काही हरकत नाही’ म्हणाले. टाचेची आठवण झाली असणार.

सुनेला? तिला मी काही सांगितलेलं नाही. पण सकाळी तिने ह्या दोन जुन्या चादरी आणि कात्री आणून माझ्या खुर्चीवर ठेवली आणि आत निघून गेली. मी विचारलं नाही, ती बोलली नाही. आमच्या घरात न बोलता बरंच काही चालतं, डॉक्टरकडे मात्र एकट्या ठमीलाच नेतात.

आणि चिरंजीव वाईट नाहीत हो. तसं मनात आणू नका. तो म्हणतो, हॉल घेतला नाही तर लोक म्हणतील, मुलीला लपवतात. बाप आहे, त्याला भीती वाटते, आणि भीती वाटली की हा मोठा हॉल घेतो. पण मी ठरवलंय. ह्या वर्षी ती टेबलाखाली जाणार नाही. मग मला घराबाहेर काढा, बोलू नका माझ्याशी, काय करायचं ते करा.

तुमचा फोन वाजतोय. बंद करा आधी, खिडकी उघडी आहे — कोणाचा? त्याचा? कमान उभी राहिली का विचारायला करत असेल. उचलू नका. नाही, उचला. नाही, आणा इकडे, मीच बोलतो.

हॅलो. — नाही, फुगेवाले नाहीत, मी आहे. — घरी. मागच्या अंगणात. — कमान इथे आहे, कारण हॉल नाही. — मी केला रद्द. — हो, सगळ्यांना कळवलं. — तुझ्या आवाजात? अरे, तो माझा आवाज आहे, तू वापरतोस. — ओरड. ओरडून घे. मी फोन जरा लांब धरतो. — झालं? आता ऐक. येणार असशील तर ये, बूट काढून ये, गवत ओलं आहे. खोक्याला दोन दारं आहेत, तुला एक मिळेल. पण तिला कोणी काही विचारायचं नाही. — तूसुद्धा नाही. — अरे, रोज रात्री दार लोटून तिच्या उशाशी बसून ‘बाबा म्हण’ करतोस, भिंत पातळ आहे आपली. — हॅलो? — आहेस ना? — बरं. मी ठेवतो.

घ्या तुमचा फोन. त्याने ठेवला नव्हता, नुसता होता. येईल. नाही आला तरी टब भरलेला आहे.

आता तुम्ही निघा. पैसे तुम्हाला आधीच पोचलेत, फुगे दुसऱ्या कोणाच्या राजकुमारीला लावा — नाही, एकसुद्धा नको, फुटतो तो. फाटक ओढून घ्या, आवाज न करता.

अरे, उठली वाटतं. घेऊन आलीस खाली, सूनबाई? ये गं, ये, ठमे. लगेच टबात हात? बरं, घाल. हे काका ना, हे चाललेत. ये, कडेवर ये — आणि काका, एक लक्षात ठेवा, तिचा बाप आला ना, की मी त्याला सगळ्यांदेखत स्पष्ट सांगणार आहे, की बाबा रे, ह्या घरात जर कोणाला बोलायचंच असेल तर — अगं, ओला आहे हात तुझा, थांब, मला काकांना एवढं सां—