देवाला मारायला कोणी तयार होईना

अजूनही मुलचेऱ्याच्या बाजारात गेलो की कोणीतरी विचारतंच, "काय डायरेक्टर, देवाले मारलं का मंग?"

त्याचं असं झालं. पुण्याहून शिकून परतलो तेव्हा डोक्यात एकच खूळ होतं, गावात बुवाबाजी चालू द्यायची नाही. म्हणून सिनेमा काढला. जंगलात एक भोंदू देव बनून बसतो, नायिका त्याची दाढी उपटते आणि चिडलेलं गाव त्याला बदडून पळवून लावतं. देव झाला होता आमचा मारोतभाऊ, झाडीपट्टीच्या नाटकांतला नावाजलेला खलनायक. गावकरी गावकऱ्यांचंच काम करत होते. कॅमेरा उसना होता, संध्याकाळी परत द्यायचा होता आणि नेमका हाच प्रसंग राहिला होता.

दाढी निघाली. मारोतभाऊ असा गडाबडा लोळला, की कोणी जागचं हलेना.

"मारा ना त्याला!" मी ओरडलो.

खराटा घेऊन पुढे उभी असलेली तानीबाई म्हणाली, "काऊन मारू? हा त आपला मारोतभाऊ निंगला!"

"बाई, तेच तर दाखवायचंय! तो देव नाहीच!"

"दिसून राह्यलं ना बाबू. पन घाम पाह्य ना किती आला त्याले."

तिने खराटा टाकला आणि त्याला पाणी दिलं. पेला हातात धरून मारोतभाऊ कुजबुजला, "मारा ना जी बाई, माहा सीन खराब होऊन राह्यला!"

तेवढ्यात उजेड गेला. सिनेमा तिथेच संपवला. गावात दाखवला तेव्हा त्या पाण्यावर केवढ्या टाळ्या पडल्या! मारोतभाऊ तेवढा अजून रुसलेला आहे.

"जिंदगीभर खलनायक केला बाबू, पन असा मार न खाता कधी सुटलो नाई."